स्तामातिसची वही

…नाही, वही-बिही काही नाही, मागच्या वेळीच सांगितलं तुला. अंजिराचा मुरंबा खा, पाणी पी आणि अथेन्सची फेरीबोट पकड. आणि मला ‘मॅडम’ म्हणू नकोस, चौथी शिकलेली बाई मी, एव्दोकिया म्हण. एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्यानं, स्तामातिसनं, आरमाराची जहाजं लावली – कुठलं कधी निघणार, त्यावर कोण चढणार, कोण घरी राहणार – साध्या पेन्सिलीनं, आणि एकाही आईनं दारात येऊन शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असतील एकदोघींनी. मग तुमचं सॉफ्टवेअर आलं – इंधन वाचवतं म्हणे, माणसांची झोप मोजतं म्हणे, अर्ध्या मिनिटात महिन्याची यादी! स्तामातिसला आठवडा लागायचा, कारण तो एकेक माणूस आठवत बसायचा.

त्या खलाशाचं, आर्गिरिसचं म्हणतोस ना? त्याच्या भावाला आंद्रोस बेटाजवळच्या पाण्यानं नेलं, नोव्हेंबरात – तेव्हापासून स्तामातिसनं त्याला त्या महिन्यात त्या बाजूला कधी धाडलं नाही. आर्गिरिसनं मागितलं नव्हतं, तो मागणाऱ्यांतला नाहीच. तुमच्या मशीनला काय दिसलं? इंजिनाचं काम येतं, झोप झालीय, तब्येत ठीक – चढव! आणि त्यानं तिथंच उडी टाकली. काढला बाहेर, हो, जिवंत आहे – इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडलाय. मग दोष कुणाचा? मशीनचाच ना?

असा बघू नकोस. तू विचारलं होतंस, मान्य. याच खुर्चीत बसून – ‘काका, कुठं न लिहिलेला एखादा नियम आहे का?’ स्तामातिसची वाचा झटक्यानं गेलेली, डावा हात तेवढा हलतो, आणि त्या हाताचं बोलणं फक्त मला कळतं. त्यानं हात उचलला, तू माझ्याकडे बघितलंस, मी म्हटलं – पाणी मागतोय. आणलं की पाणी, पाजलं की! तो तोंड फिरवत होता तरी पाजलं, सगळं हनुवटीवरून गळलं. काय करू? तो पडला आणि आठवड्यात तुम्ही त्याची खुर्ची उचललीत! म्हटलं, आपटू दे यांचं मशीन तोंडावर. मशीन आपटू दे म्हटलं होतं, सोन्या – आर्गिरिस नाही.

पाणी नाही, कपाट दाखवत होता तो. ऐकलंस? झालं समाधान?

रविवारी शेजारणीनं कुंपणावरून आर्गिरिसचं सांगितलं, तेव्हा स्तामातिस खिडकीतच बसला होता. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी घेत नाही. नर्स येते, तिच्या हातचं पितो. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

ही धर वही. कपाटात चादरींच्या खाली होती. प्रत्येक नावापुढे त्याची खूण आहे, खुणांचा अर्थ शेवटच्या पानावर. शुक्रवारी निघणाऱ्या जहाजावर कात्सारोसची मुलगी आहे ना? आधी तिचं पान बघ – माझ्यासमोर नको, फेरीबोटीत बसून बघ. आणि थांब – तो पेला उचल. आत जा, त्याला दे. नाही, मी नाही, तू दे. मी इथंच उभी आहे.

घेतो का? – सगळं प्यायला? – बरं. जा आता. दार ओढून घे.