कालिंदीबाईंच्या झोपाळ्याच्या कड्या

नाही बाई, तुम्ही काहीही म्हणा, तुमच्या झोपाळ्याच्या कड्यांचा भाव मी चढवलेला नाही. मी नुसता त्या हातात धरून उभा होतो. आणि उद्या मी त्या पितळेच्या व्यापाऱ्याच्या, लोढाबाबूंच्या कामावर गेलो, तरी बोल लावायचा तुम्हाला अधिकार नाही. कड्या विकायला तुम्ही काढल्या होत्या, मी नाही.

सन्माननीय अध्यक्ष श्यामकांत साहेब, आपल्या मंडळाचे चिटणीस विनायकराव, आजच्या सत्कारमूर्ती कालिंदीबाई, आणि बालीगंजपासून बराकपूरपर्यंत कुठून कुठून लोकल धरून आलेल्या बंधुभगिनींनो, आधी नमस्कार करायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण मघाशी हार घालताना बाई हळूच, बंगाली वळणाने म्हणाल्या, "की रे गजानन, कोकणचं तिकीट काढलंस का?" तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. आता करतो नमस्कार. गोड मानून घ्या.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. रसेल स्ट्रीटच्या एका लिलावघरात हमाली करतो. रविवारी लिलाव असला की वस्तू उचलून धरायची, लोकांना दिसेल अशी फिरवायची, हातोडा पडला की खाली ठेवायची. विद्वान मंडळी बसलेली असताना भाषण मला का, असं कुणाला वाटेल. बाईंनीच माझं नाव सुचवलं. भांडण पुरं करायचं असेल त्यांना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाईंचा जन्म इथला, बंगालातला, सगळी नोकरी इथल्या शाळेत. आता पुण्याला भाचीकडे निघाल्या. बालीगंजचं घर रिकामं करायचं म्हणून कपाटं, आरसा आणि पितळी कड्यांचा झोपाळा आमच्याकडे लिलावाला आला. विकणारा माणूस लिलावाला सहसा येत नाही. त्याला बघवत नाही. बाई आल्या. मागच्या रांगेत छत्री मांडीवर घेऊन बसल्या.

कड्यांना शंभर-सव्वाशे येतील असं आमच्या मालकांना वाटत होतं. बोली तिथे थांबेचना. एका बाजूला एक बंगाली मास्तर, दुसऱ्या बाजूला ताग बाजारातला एक दलाल. दोघेही असे पेटले होते जणू कड्या सोन्याच्या आहेत. माझे हात भरून आले. मालक बोटाने खूण करायचे, धरून ठेव. हातोडा पडला अकराशेवर.

तो मास्तर कुणी पाठवला होता? आपल्या अध्यक्षांनी. आणि दलाल? आपल्या चिटणीसांनी. दोघांनाही बाईंची वस्तू सोडवून निरोपाच्या दिवशी त्यांनाच भेट द्यायची होती. मंडळात विषय काढला तर तीन सभा होतील, म्हणून एकमेकांना सांगितलं नाही. आणि मोठेपणा दिसू नये म्हणून स्वतः आले नाहीत. साहेब, हसू नका, विनायकराव अजून हसलेले नाहीत. आपला माणूस आपल्याच माणसाच्या विरुद्ध बोली लावत होता आणि मधे मी होतो. इतका चांगला हेतू इतका महाग पडलेला मी या धंद्यात पाहिलेला नाही. आता त्या कड्या तिथे पोत्यात बांधून ठेवल्या आहेत. बाईंच्या भाचीच्या फ्लॅटला सिमेंटचा स्लॅब आहे, वर एकही हूक नाही, हे आम्हाला परवा कळलं.

इथवर सगळं हसण्यासारखं आहे. पण त्या दिवशी खोलीत बाजारातली माणसंही बसली होती. त्यांना काय माहीत मंडळ आणि निरोप? त्यांनी एवढंच पाहिलं, की पितळी कड्यांना अकराशे आले. आधीच सरकारचा नवा कायदा आलेला. जुन्या मूर्ती, जुनी चित्रं यांची नोंद करा, बाहेर पाठवू नका. त्यामुळे व्यापाऱ्यांना असलं काही हवंच होतं, ज्याला कुणी विचारत नाही. महिनाभरात घंगाळं, बंब, समया, जे मिळेल ते यायला लागलं. घंगाळात झाड लावून हॉटेलच्या दारात ठेवतात. मी डोळ्यांनी पाहिलं. ज्यात माणसं आंघोळीचं पाणी काढायची त्यात रबराचं झाड.

मग या व्यापाऱ्यांतल्याच लोढाबाबूंनी मला दुकानात बोलावलं. चहा पाजला, खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "तू कोकणातला ना? स्टीलच्या भांड्यांचं गाठोडं देतो. गावोगाव फिर. स्टील द्यायचं, पितळ घ्यायचं. पगार अडीचशे, वर प्रवास." मंडळी, मला त्या गोदामाचा वीट आला आहे. दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तू उचलायच्या आणि दुसऱ्यांच्या घरात पोचवायच्या. एका जागी बसलो की पाय आपोआप हलतात. मी हो म्हणून आलो.

दर गुरुवारी मी बाईंकडे जेवायला असतो. त्यांना सांगितलं, तर ताट पुढे ठेवून म्हणाल्या, "तो तुला का नेतोय? तुझ्यापेक्षा हुशार शंभर मिळतील त्याला."

"मराठी येतं म्हणून."

"दार उघडतील म्हणून," त्या म्हणाल्या. "आपला मुलगा म्हणून."

मी म्हटलं, तुम्ही विकल्यात तेव्हा? तर म्हणतात, "मला भाव माहीत होता रे. त्यांना आहे का?" मी ताटावरून उठलो. बाई, ते चुकलं असेल, पण भूक मेली होती.

परवा लोढाबाबूंनी माझ्याकडून सराव करून घेतला. म्हणाले, "समज मी घरातली बाई आहे. काय बोलशील?" मी गाठोडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, अडगळीत जुनं काही पडलंय का? नवं कोरं स्टील देतो." त्यांना अक्षर कळलं नाही, पण मान डोलावली. म्हणाले, किती गोड बोलतोस. आणि मला समोर माझी आई दिसली. तिच्याकडे माहेरचं घंगाळ आहे. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा म्हणत होती, सगळ्यांकडे स्टील आलं, आपल्याकडे कधी? मी त्या आवाजात विचारलं असतं तर तिने दोन डब्यांवर हसत दिलं असतं. वर चहा केला असता.

काल संध्याकाळी लोढाबाबूंना नाही सांगून आलो. बाई, हे तुम्हाला आत्ताच कळतंय. टाळ्या नकोत, मला आनंद झालेला नाही. अडीचशे गेले, गोदाम राहिलं, पाय अजून हलतातच. आणि मी नाही गेलो तरी दुसरा कुणी जाईल. त्याला मराठी शिकवतील. आईला दार उघडू नको असं मी कसं सांगू? ती उघडणारच. तिच्या घरात स्टील असेल तर मात्र तो रिकाम्या हाताने जाईल.

बाई, पुण्यात कड्या टांगा, नाहीतर पलंगाखाली ठेवा, पण सांभाळून राहा. गुरुवारचं जेवण आता बंद, एवढंच मला कळतं. आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलं, आभारी आहे. भांडण मधेच घुसलं, कुणाचं नाव उगाच घेतलं गेलं, तर आपलाच मुलगा समजून पोटात घाला.

आणि विनायकराव, रागावला नसाल तर उद्या सकाळी पोस्टात माझ्याबरोबर या. आईच्या मनीऑर्डरचा फॉर्म तुम्हीच भरा, माझं अक्षर तिकडे कुणाला लागत नाही. खाली दोन ओळी लिहा, की या पैशांची स्टीलची भांडी बाजारातून घ्यावी, घंगाळ देऊ नये. रक्कम एकशे दहा रुपये.