दर पायामागे

जबाब, दिनांक २०, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी सुरू.

माझे नाव व पत्ता वरच्या रकान्यात माझ्या हाताने लिहिला आहे. वय ५३ वर्षे, धंदा संगणकाचे प्रोग्राम लिहिणे, अविवाहित, धाकट्या भावाच्या कुटुंबासोबत राहते. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते ते असे की,

मी व माझा भाऊ अकरा वर्षे कंपनी चालवतो. मालकी निम्मी निम्मी. आमचा प्रोग्राम कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यांत वापरतात. उरलेल्या पायाचे माप कॅमेऱ्याने घेतले की साचा कसा कोरायचा ते प्रोग्राम मशीनला सांगतो. पूर्वी हे काम प्लास्टर लावून हाताने होत असे. प्रोग्राम मी लिहिला. दर, जाहिरात व विक्री भाऊ बघतो.

काम मला मास्तरांनी शिकवले. ते पाय बनवणारे कारागीर असून वय ७१ आहे. दोन वर्षे मी त्यांच्या कारखान्यात बसून होते. मांस कुठे दाब सोसते, कुठे सोसत नाही, हे ते अंगठ्याने दाबून दाखवत व मी ते आकड्यांत उतरवत असे. त्याबद्दल त्यांनी काही मागितले नाही. आमचे पहिले गिऱ्हाईक तेच. भावाने त्यांना "एकदाच पैसे भरा, प्रोग्राम आजन्म तुमचा" असे छापील पत्र दिले. पुढे तसे पत्र १४० कारखान्यांना गेले. दर मुद्दाम कमी ठेवला होता. शिकवणाऱ्या संस्थांना तर फुकट. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे लिहून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात बैठक झाली. भाऊ, मी व दर ठरवून देणारा एक सल्लागार, असे तिघे होतो. भाऊ म्हणाला, "नवी पोरं प्लास्टर शिकतच नाहीत आता. जुन्यांची सवय मोडली की मग दर लावू." सल्लागाराने विचारले, सर्वांत जास्त पाय कोणाला लागतात? आकडे माझ्याकडे होते म्हणून मी उत्तर दिले. लहान मुलांना. वाढीच्या वयात वर्षाला एक, कधी दोन. सल्लागाराने फळ्यावर लिहिले, "वाढतं गिऱ्हाईक". त्यावर हसणे झाले. मीही हसले का, असे आता मला विचारण्यात आले. हसले.

असे ठरले की जुनी पत्रे बंद करायची व यापुढे दर पायामागे पैसे घ्यायचे. पैसे भरले की एक क्रमांक मिळेल, तो टाकल्याशिवाय मशीन कोरणार नाही. ते कुलूप मी लिहिले. सात दिवस लागले. भाऊ म्हणाला, "ताई, तुझ्याइतकं पक्कं दुसरं कोणी करणार नाही." ते खरे होते.

या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ९ वाजता सर्व जुन्या कारखान्यांत पडद्यावर "मुदत संपली" असे आले. हे शब्द माझे. त्याखाली "आमच्या कुटुंबात पुन्हा या" व हसरा चेहरा भावाने घालायला लावला.

३ तारखेला मास्तर पत्र घेऊन ऑफिसात आले. पाऊण तास बाहेर बसवल्यावर भावाने आत घेतले. मी शेजारच्या टेबलावर होते. भाऊ म्हणाला, "काका, आजन्म म्हणजे त्या आवृत्तीचा जन्म. ती आवृत्ती संपली."

मास्तर म्हणाले, "म्हणजे माझा जन्म नाही?"

"तुम्ही शंभर वर्षं जगा हो. आवृत्तीचं वेगळं असतं."

मास्तरांनी पत्र घडी करून खिशात ठेवले. जाताना माझ्याकडे पाहिले. मी पडद्याकडे पाहत होते. पडद्यावर काही नव्हते.

मास्तरांकडे तेव्हा टपाल वाटणाऱ्या एका बाईंचा पाय बनत होता. डावा, गुडघ्याखालचा. रजा संपत आल्याने त्यांना थांबणे शक्य नव्हते. मास्तरांनी नऊ वर्षांनी प्लास्टर हातात घेऊन साचा केला. त्यांचे हात आता कापतात. बाई तो पाय घालून दहा दिवस चालल्या. जखम झाली ती कोणाला सांगितली नाही. १६ तारखेला टपाल वाटताना तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. सध्या दवाखान्यात आहेत.

हे मला १७ तारखेला समजले. त्यांच्या बहिणीने आमच्या मदत क्रमांकावर फोन केला होता. ते बोलणे मी नंतर ऐकले. बहीण रडत होती. फोन घेणाऱ्या आमच्याकडच्या मुलीने नेमून दिलेला कागद वाचला, "आपल्याला कोणती योजना घ्यायला आवडेल?" तिने दोनदा वाचला, कारण पलीकडून उत्तर येत नव्हते.

१८ तारखेला दुपारी मी मास्तरांच्या कारखान्यात गेले. ते दवाखान्यात गेले होते. सुनेने दार उघडले. त्यांच्या संगणकावर बसून मी कुलूप उघडणारी किल्ली तयार केली, चालवून पाहिली व २ वाजून १० मिनिटांनी तिथूनच सर्व १४० कारखान्यांना पाठवली. मास्तरांना यातले काही माहीत नव्हते. आमच्या नोंदीत त्यांच्या संगणकाचा पत्ता आला म्हणून भावाने १९ तारखेला त्यांच्यावर चोरीची तक्रार दिली. ती चोरी असल्यास मी केली आहे.

आज सकाळी मास्तर ठाण्याच्या बाकावर बसलेले दिसले. मी शेजारी बसले व सांगितले. ते म्हणाले, "पोरी, किल्ली पाठवलीस ते ठीक. कुलूप करत होतीस तेव्हा एक फोन केला असतास, तर मी प्लास्टरवर हात चालू ठेवला असता."

१० वाजून १५ मिनिटांनी भाऊ आला. त्याला व्हरांड्यात खरे सांगितले. तो ओरडला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मग तक्रार मागे घेतो. तूही काही लिहून देऊ नको. ही भेट म्हणून जाहीर करू, नव्वद दिवस फुकट. लोक उलट आपलं नाव काढतील." मी म्हणाले, बाई दवाखान्यात आहे. तो म्हणाला, "तिलाही एक पाय देऊ की. फोटो काढू." वीस मिनिटांत सर्व कारखान्यांच्या मोबाइलवर जाहिरात गेली, "आमच्या ताईंकडून मायेची भेट". ती मला कारखान्यांतूनच परत आली, खाली आभार लिहून.

म्हणून मी हा जबाब देत आहे. ती भेट नव्हती, योजनाही नव्हती. किल्लीत मी मुदतीची कोणतीही तारीख घातलेली नाही. नवे कुलूप लिहायला भाऊ माणूस शोधत आहे. तो मिळेल.

"माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" असे शेवटी लिहायची पद्धत आहे, असे मला सांगण्यात आले. ते वाक्य मी काढायला लावले आहे. कोणाविरुद्ध, असे विचारल्यावर मी दोन नावे दिली. पहिले माझे.

जबाब मोठ्याने वाचून दाखवला, तो मी पूर्ण ऐकला. मी सांगितले तेच व तेवढेच यात आहे. सही केली.