भरल्या मल्लिगेचा सत्कार

सन्माननीय अध्यक्ष दामोदरराव, बागांचे परीक्षक गुरुराजाचार्य, व्यासपीठावरचे थोर पाहुणे, समोर बसलेली आपल्या गल्लीतली मंडळी आणि चिकाच्या पडद्याआड बसलेल्या आयाबहिणींनो, या म्हाताऱ्या दफेदाराचा, रणोजीरावाचा, सर्वांना आदबीनं रामराम.

सरकारच्या घोडदळात मला सलाम करायला शिकवलं, भाषण करायला नाही. पण दामोदरराव म्हणाले, "शाल हवी तर चार शब्द बोला." आता शाल अंगावर आहे, तेव्हा सुटका नाही. चैत्रातल्या उकाड्यात शाल पांघरून उभं राहणं हीसुद्धा कवायतच, नाही का?

आपल्या मंडळानं बागांची पाहणी सुरू केली आणि यंदाचा पहिला मान माझ्या अंगणातल्या मल्लिगेला दिला. मोगऱ्याची ही म्हैसूरची बहीण घरोघरी आहे, तरी मान माझ्या झुडपाला. गुरुराजाचार्यांनी मघाशी विचारलं, "दफेदार, असा बहर येतो कसा? गुट्टु सांगा की!" गुपित कसलं आलंय? जे ठाऊक आहे ते सांगतो.

झुडूप लावलं आमच्या घरातल्यांनी, गोदावरीबाईंनी. मार्गशीर्षात पाणी तोडायचं, थंडी सरता सरता काड्या छाटायच्या, बुंध्याशी माती हलवून जुनी लीद घालायची, आणि मगच पोटभर पाणी. पागेतली लीद आणणं एवढंच माझ्याकडे. मी आयुष्यभर घोड्यांना वेळेवर पाणी पाजलेला माणूस. सुकलेलं झुडूप बघवायचं नाही, हळूच कळशी उचलायचो. मागून आवाज यायचा, "नको म्हटलं की नको! सुम्ने, गुमान बसा बघू तिकडे." मी कळशी खाली ठेवायचो. रिसाल्यात माझा हुकूम चाले, अंगणात त्यांचा.

उन्हं उतरली की गल्लीतल्या सुना-लेकी कळ्या खुडायला यायच्या. गोदावरीबाई आधी प्रत्येकीला कुंकू लावायच्या, मग परडी हातात द्यायच्या. काय तो गलबला! मी ओसरीवरून कुरकुरायचो, "अग पोरींनो, एक तरी फूल राहू द्या झाडावर." त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "खुडलं तरच उद्या येतं."

गेल्याच्या आदल्या श्रावणात त्या गेल्या. आम्हाला मूलबाळ नाही, हे आपण जाणता. पहिलं वर्ष दुखवट्याचं, फुलं न्यायला कोणी आलं नाही, आणि ते रीतीला धरूनच होतं. यंदा वर्ष सरलं. मला वाटलं, आता फाटक वाजेल. वाजलं नाही. बाईमाणूस नसलेल्या घरी बायका कशा येणार? आणि पुरुषानं लोकांच्या लेकीसुनांना फुलं कशी द्यावीत? एकदा मी परडी भरून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवली. शेजारची तुंगा थांबली, नमस्कार करून म्हणाली, "मामा, कुंकवाशिवाय फुलं कशी नेऊ?" पोरीचं काय चुकलं? परडी आत आणली. देवाला तरी किती वाहणार?

आणि नेमक्या त्याच आठवड्यात, उन्हं उतरल्यावर, परीक्षक मंडळी गल्लीत आली. आचार्य, राग मानू नका, पण ज्या ज्या अंगणात आपल्याला मोकळी झुडपं दिसली, तिथल्या कळ्या नुकत्याच कुणाच्या तरी वेणीत गेल्या होत्या. माझंच झाड तेवढं पांढरंशुभ्र भरलेलं. आपण त्याला माझी मेहनत समजलात. महाराज, ती मेहनत नव्हे. माझ्या घरी फुलं खुडायला कोणी नाही, म्हणून ती झाडावर राहिली.

हे सांगून मी मंडळाच्या आनंदात मिठाचा खडा टाकतो आहे, कळतंय मला. पण दिवसभर बोलायला कोणी नसतं, म्हणून आज एवढी माणसं समोर बघून राहवलं नाही. एकटं वाटतं हो. संध्याकाळी फार वाटतं.

तर चिकापलीकडच्या लेकींना एक विनंती आहे, घरच्या वडीलधाऱ्यांच्या परवानगीनं. कोनाड्यात कुंकवाचा करंडा आणि आरसा ठेवला आहे. तुम्हीच एकमेकींना लावा आणि कळ्या न्या. माझा संकोच नको. उन्हं उतरली की मी रामाच्या देवळात जाऊन बसेन, फाटक उघडं ठेवून. मग पुढल्या वर्षी ही शाल दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडेल, तर पडू द्या.

आपण मान दिलात, माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. शिपायाची जीभ, कुठे कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. उद्या देवळातून परत येईन तेव्हा झुडूप रिकामं दिसलं, म्हणजे समजेन की घरी कोणी येऊन गेलं.