दुबईचे निरोप ग्रामसभेत

माझं म्हायेर शिराळ्याकडलं, सासर हितलं, वाळव्यातलं, बौद्धवस्तीतलं. सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतल्याली, शिकल्याली सून पायजे म्हनून हटून बसले आन मला सातवी पास बघून करून आनली. काय सांगू तुमाला, शिक्षान सातवी पन तोंड पयल्यापासनं वकिलाचं. हसू नगा. राखीव जागा आली आन मी पंचायतीची मेंबर झाले.

तवा गावात नळयोजना आली. सरपंच म्हनले, पाइप देवळापतूर, वस्तीला फुडल्या खेपंला बघू. फुडली खेप मंजी काय ते आमास्नी ठावं, माझी सासू वड्याचं पानी वाहून वाहून वाकल्याली. ग्रामसभंत मी भांडले, पन आवं, समदे बापय, हात वर माझा एकटीचा. बाया चावडीत यायच्याच न्हाईत, लाजायच्या.

दोन हजार साल उजाडायला वरीस बाकी आसंल. इस्लामपुरात एका पोरीनं इंटरनेटचं दुकान काढल्यालं, आन आमच्या गावची समद्या आळ्यांतली पोरं दुबईला एका खोलीत ऱ्हायची, माझा दीर त्यातच. त्यानं फोनवर तिथला ईमेलचा पत्ता सांगितल्याला. मी चपला भाईर काढून आत गेले, पोरगी म्हनली मावशी घाला चपला, सांगा काय लिवायचं. म्हनलं लिव, पानी आदी कुनाला द्यावं ते तुमी पोरांनी सांगा, आन आपापल्या आयला निरोप बी धाडा. आठवड्यात उत्तरं आली, ती छापून घेतली.

पानवठ्यावर एवढंच बोलले, पोरांचे निरोप ग्रामसभंतच वाचनार. बाया म्हनल्या हितंच वाच की गं. म्हनलं, जमायचं न्हाई.

सभंला बाया मावंनात! कुनी पोरानं लिवल्यालं देवळापतूरच बरं, कुनी लिवल्यालं वस्ती आदी. सरपंचाच्या पोरानं तर लिवल्यालं, आबा, हितं मी वस्तीतल्या पोरांसंगं एका ताटात जेवतो, पयला नळ त्यांच्या दारात घाला. लय वाद पेटला. सरपंच म्हनले, तिकडं बसून काय बी लिवत्यात, हात हितल्या मानसांचे मोजायचे. म्हनलं, मोजा की मग! आन सरपंचाच्या बायकूनं, जल्मात चावडीची पायरी न चढल्यालीनं, पदर सावरत पयला हात वर केला. मागनं समद्या बायांचे. मोजायची पाळीच आली न्हाई, जिकलो आमी!

सासू नळाखाली हात धरून रडली, मी बी रडले.

त्याच्या फुडल्या सभंला दुबईचं एक अक्षर न्हवतं, तरी बाया आल्या, पार म्होरं येऊन बसल्या. सरपंच म्हनले, आज तर काय वाचायचं न्हाई, मग कशापायी आलाय? म्हनल्या, आज आमाला बोलायचंय.