कापड्यातली आयरिश बारी

अवो, बाई एक कविता बोलते, ती खाली बसते ना बसते तोवर बुवा उठून दुसरी बोलतो, पुन्हा बाई, पुन्हा बुवा, मधी वाद्य वाजतंय, समोर अख्खं गाव बसलंय, आन वर ही पोरगी मलाच विचारते, "काका, तुम्हाला ही स्पर्धा कशी काय वाटली?" अगो, मग काय सत्यनारायण वाटायला पायजे होता? आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

ही पोरगी म्हणजे समीक्षा, माझ्या भावाची. मुंबईत वाढली, शिकायला आयर्लंडला गेली. आयर्लंड म्हणजे इंग्लंडच्या शेजारी, आपलं महाड-पोलादपूर कसं, तसं, फक्त मधी समुद्र. तिकडनं तिची मास्तरीण आली, ओर्लाबाई, कविता करणारी. बरोबर नवरा ब्रेंडन, आन एक लाल दाढीचा व्हायोलिनवाला. गोव्याला चालले होते, ही बोलली, वाटेत आमचं कापडे गाव हाय, देवळात कार्यक्रम करू. "काका, द्विभाषिक कवितावाचन आहे, आयरिश आणि इंग्रजी, सोबत लाइव्ह म्युझिक. तुम्ही ढोलकी घ्या, पण हळू हं." आता द्विभाषिक म्हणजे काय हे मी विचारायला पायजे होतं, कबूल, पन मला 'ढोलकी घ्या' एवढंच ऐकू आलं. आन हळू? कशेडी घाटातल्या ट्रकवाल्याला सांगा हॉर्न हळू मार म्हणून...

तुमाला सांगतो, आमच्याकडं गणपतीत शक्ती-तुऱ्याचा नाच असतो. शक्तीवाले देवीचे, तुरेवाले शंकराचे. एका बाजूच्या शाहिरानं गाण्यातनं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच जवाब द्यायचा, नाय आला तर बारी गेली, म्हणजे सामना हरला, मग वर्षभर बाजारात तोंड चुकवत फिरायचं. मी जन्माचा तुरेवाला. बाप तुरेवाला, आजा तुरेवाला. आन बायको केली तुडीलची, ठकूबाई, शक्तीच्या शाहिराची लेक. घरात बारी संपतच नाय. भाजीत मीठ कमी हाय बोललो तरी चुलीपुढनं जवाब चालीत येतो.

तर देवळात डावीकडं बायका, उजवीकडं आमी गडी. ओर्लाबाई उभी राहिली आन आयरिश सुरू. अक्षर कळलं नाय. मधीच घशातनं खरखर, मधीच ओढ्याला पाणी आल्यासारखं, मग एकदम सावकाश. बसली. लगेच ब्रेंडनबुवा उठला, इंग्रजीतनं. त्यातलं मला 'मदर' कळलं आन 'सी' कळलं. शेजारी आमच्या नाचातला झांजवाला सयाजी, तो कानात बोलला, "येसाजी, बाईनं सवाल टाकला रे. बुवा जवाब देतोय." बाई म्हणजे शक्ती, बुवा म्हणजे तुरा, यात इचार करण्यासारखं हाय काय? आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

मग मी कशाला हळू वाजवतोय? बाई बोलायला लागली की मी हाताची घडी घालून छताकडं बघणार, बुवा उठला की दणक्यात सुरू. समीक्षा खांबाआडनं हात खाली-खाली करतेय, मी काय तिकडं बघतोय होय... तो लाल दाढीवाला आधी दचकला, मग त्यानं माझ्याकडं बघितलं, पाय आपटला, आन व्हायोलिन घेऊन जो माझ्या ठेक्यात घुसला, काय सांगू तुमाला, अंगावर काटा आला हो. कुठला कोण, आयुष्यात ढोलकी बघितली नसंल, आन प्रत्येक समेला माझ्याबरोबर हजर. गडी शिट्ट्या मारतायत, सयाजी झांज कुटतोय, आन मधी बिचारा ब्रेंडनबुवा ठेक्याला धरून कविता पळवतोय, शर्ट भिजून अंगाला चिकटला. मला वाटलं, बारी आपलीच.

तेवढ्यात ठकू उठली. भर मंडपात बोलली, "अवो, तुमच्या बुवाकडं जवाब नाय, म्हणून त्याला ढोलकीखाली लपवताव." झालं. माझं टाळकंच सरकलं. मीपन उठलो आन बोललो, "तुरा हरला तर यंदा गणपतीत मी शक्तीची ढोलकी धरतो." बोलून गेलो. सयाजीनं झांज खाली ठेवली. कळतंय का तुमाला मी काय बोललो ते? त्यापरास मिशी उतरवतो बोललो असतो तर परवडलं असतं, ती उगवते तरी.

मग शेवटची कविता. बाई उभी राहिली, हातात कागद नाय, डोळे मिटलेले, आन इतकी हळू बोलायला लागली... व्हायोलिन नुसतं तिच्या मागनं चाललंय. बायकांत कुणी हलंना. ठकूनं पदर डोळ्याला लावला. आन मला कसंतरीच व्हायला लागलं बघा. खाली बघतो तर माझी बोटं ढोलकीवर. शक्तीच्या बारीला. मी थांबवली असती, पन खरं सांगतो, थांबवावीशी वाटली नायत.

बुवाचं झाल्यावर समीक्षानं माइक घेतला. बोलली, "या कवितेत पोरगा कामाला समुद्रापलीकडे गेलाय आणि आई अजून त्याचं ताट मांडते." आमचा पोरगा ओंकार मुंबईला हाय, फोनवर असतो तेवढाच. मग मी मान वरच केली नाय. आन तेवढ्यात ही पुढं बोलते, "मॅडम आयरिशमध्ये लिहितात, आणि सर तीच कविता इंग्रजीत म्हणतात. प्रत्येक वेळी कविता एकच होती."

एकच? सवाल नाय, जवाब नाय?

ठकूनं डोळे पुसले. "म्हंजे सांजपासनं बुवा बाईचंच बोलणं पुन्हा बोलत होता?" समीक्षानं ते इंग्रजीत केलं. ब्रेंडनबुवा हसला, दोन्ही हात जोडले, कायतरी बोलला. "काका, सर म्हणतात, लग्न झाल्यापासून मी हेच करतोय." बायकांनी जो गलका केला, तो कापड्यात नाय, पार पोलादपुरात गेला असंल. तुरा हरल्याचा निकाल लागला, आन तोपन तुऱ्याच्या तोंडनंच. आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

पन शब्द म्हणजे शब्द. श्रावणात तालीम सुरू, ठकू शक्तीकडनं सवाल टाकणार, मी वाजवणार. सयाजी काळजीनं विचारतो, "येसाजी, जमंल का रे तुला शक्तीकडं?" त्याला काय सांगू... ती बोलते, मी तिच्या मागनं ठेका धरतो, लग्नापासनं हेच चाललंय. गणपतीत फक्त ते बघायला गाव जमंल.