दिसलं तेवढंच लिही

वर्षाताई, प्राचार्य सर, भाऊसाहेब, आणि इंगळे सरांसाठी हातातली कामं सोडून आलेल्या सगळ्यांनो,

सर कशानं गेले?

आत येताना फाटकापाशी एका मावशींनी मला हे विचारलं. "पोरी, तू तं रोज त्याईच्याजवळ राहे. सर कशानं गेले वं?" मला माहीत नव्हतं. आता तुमच्यासमोर उभी आहे, तरी माहीत नाही. बोलायला उभी राहिले खरी, पण आवाज कितपत साथ देईल सांगता येत नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी सविता. धाडच्या पुढे आमचं गाव. यंदा बी.ए. झाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या आम्ही बऱ्याच जणी होतो. कुणाचं लग्न झालं, कुणी विषय बदलला. तिसऱ्या वर्षाला वर्गात मी एकटी उरले. एक विद्यार्थिनी आणि एक सर. तरी सर हजेरी घ्यायचे. माझं नाव पुकारायचे, मी "हजर सर" म्हणायचे, आणि मगच ते खडू उचलायचे.

अगदी पहिल्या तासाला त्यांनी विचारलं होतं, हा विषय का घेतला. मी म्हटलं, लोकांच्या मनातलं ओळखायचंय. मग माझ्या मनात आत्ता काय आहे ते सांग, म्हणाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, सर, तुम्ही उदास आहात.

सर हसले. "अवं, भूक लागून राह्यली मले. डबा घरी राह्यला."

मग त्यांनी मला एसटी स्टँडवर पाठवलं. तासभर तिथे बसून लोकांचं वागणं लिहून आण, म्हणाले. मी लिहिलं, 'बाकावर एक दुःखी म्हातारी बसली होती.' सरांनी 'दुःखी' या शब्दाभोवती गोल केला. हे कुठं दिसलं, विचारलं. मी म्हटलं, ती सारखी डोळे पुसत होती. मग डोळे पुसत होती असं लिही, म्हणाले. दुःखी हे तू घातलंस. जा, विचारून ये. मी धावत परत गेले. आजी अजून तिथेच होत्या. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पाणी येत होतं. लेकीच्या घरी निघाल्या होत्या, नातवाच्या बारशाला. मला त्यांनी पिशवीतला पेढा दिला.

मी परत आल्यावर सर एवढंच म्हणाले, "दिसलं तेवढंच लिही. वाटलं ते वेगळं लिही. दोन्ही एका ओळीत आले की घात होतो बाई."

मंडळी, मानसशास्त्राच्या प्रयोगाला दोन माणसं लागतात. एक प्रयोग घेणारा, एक ज्याच्यावर प्रयोग घ्यायचा तो. माझ्यासमोर बसायला कोणी नव्हतं, म्हणून सर बसायचे. आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग असतो. आरशात सगळं उलटं दिसतं, हात भलतीकडे जातो. सरांची चांदणी बटाट्यासारखी झाली होती. मी खरा काही उपयोगाचा नाही, मले सगळं आधीच ठाऊक हाये, असं ते म्हणायचे. तरी बसायचे. प्रयोग संपला की मी त्यांना विचारायचे, हे करताना तुमच्या मनात काय चाललं होतं? ते खरं खरं सांगायचे. तो नियमच आहे. आणि समोरच्यानं सांगितलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हाही नियम आहे. म्हणून ते काय सांगायचे, ते मी आजही सांगणार नाही.

पण एक गोष्ट प्रयोगात सांगितलेली नव्हती, चहा पिताना झालेली होती. ती सांगते.

बी.ए.चा निकाल लागला, तेव्हापासून बाबा मला घरी खुर्ची देतात आणि स्वतः खाली सतरंजीवर बसतात. भाऊ माझ्यासमोर शिवी देत नाही. आई विचारते, "काऊन वं, मनातलं शिकली म्हणते, मंग माह्या मनातलं तुले समजते का?" मी नाही म्हणते. तिला वाटतं, मी लपवते. सगळे माझं फार कौतुक करतात आणि माझ्याशी जपून बोलतात. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"घरातला पहिला शिकलेला माणूस घरात पाव्हणा होते," म्हणाले. "मीबी झालतो."

झालं. पुढे काही समजावलं नाही. आता तुम्हीच सांगा, हे मी दुसऱ्या कोणाला सांगायला जाऊ?

माफ करा. बोलते.

आजच्या सभेत आधी चार जण बोलले. मनापासून बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात एक वाक्य आलं. सर एकटेपणानं गेले. कोणी हळू म्हटलं, कोणी स्पष्ट म्हटलं. लेक पुण्याला, बाप इथे, दाराला कुलूप. माणूस किती दिवस काढणार?

ते वाक्य म्हटलं जात होतं तेव्हा सरांच्या लेक वर्षाताई इथेच पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. हे मला दिसलं. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी विचारलं का?

आपल्याला काय ठाऊक आहे? सर एकटे राहत होते, हे ठाऊक आहे. एका सकाळी दूधवाल्यानं हाक मारली आणि दार उघडलं नाही, हे ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते का बंद पडलं, हे त्यांनीही सांगितलं नाही. दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून एकीतून दुसरी निघत नाही. सर वर्गात सांगायचे, धाडच्या बाजाराच्या दिवशी एसटी खच्चून भरते आणि गल्लीतली कुत्रीबी जास्त भुकतात. मंग कुत्र्याईनं एसटी भरली काय? मी एकटीच हसायचे. एकटीच्या हसण्याचा आवाज त्या खोलीत फार मोठा व्हायचा.

माझे आजोबा भरल्या घरात गेले. उशाशी लेकी-सुना, पायाशी नातवंडं. त्यांनाही असंच अचानक झालं. तेव्हा कोणी म्हटलं नाही की गर्दीनं गेले.

मी असं म्हणत नाही की सर एकटे नव्हते. असतील. मी असंही म्हणत नाही की एकटेपणा माणसाला काही करत नाही. करत असेल, त्यावर अभ्यास करायचा तर पुष्कळ माणसांना भेटावं लागेल, एकट्यांना आणि घर भरलेल्यांनाही. मी म्हणते ते एवढंच, की एका माणसावरून आपण हे ठरवू शकत नाही. आणि ठरवून त्याचा भार एका मुलीच्या डोक्यावर आयुष्यभरासाठी ठेवू शकत नाही.

एकटेपणाबद्दल खात्रीनं सांगावं असं माझ्याजवळ फक्त माझं आहे. सर गेल्यावर मी रोज विभागात येते. शिपाईकाका खोली उघडून देतात. मी माझ्या जागेवर बसते. समोरची खुर्ची मी सरकवलेली नाही. जीपमध्ये बसून घरी जाताना कधी मनात येतं, हे सरांना विचारू, आणि मग आठवतं. हा माझा अहवाल. खरा आहे. पण यानंही काही सिद्ध होत नाही.

भाऊसाहेब, आता तुमच्याशी बोलते. तुम्ही संस्थेचे सचिव, वयानं माझ्या आजोबांसारखे. सरांचा सकाळचा चहा तुमच्याशिवाय झाला नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. काल तुम्ही मला शोकठराव सांगितलात, माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला दिलात. त्यात एक वाक्य होतं की, कन्या परगावी असल्यामुळे वाट्याला आलेल्या एकाकीपणातून सरांचे निधन झाले. मी म्हटलं, हे आपल्याला कोणी सांगितलं? तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "सांगाले काय लागते पोरी? साऱ्या गावाले दिसते."

मी तसंच लिहून घेतलं. मला कळतं भाऊसाहेब, कारण सापडलं की दुःखाला धरायला काहीतरी मिळतं. माझेही हात रिकामेच आहेत. पण बोललेलं विसरलं जातं, ठराव राहतो. तो संस्थेच्या दप्तरात जातो, त्याची प्रत घरच्यांकडे जाते. उद्या वर्षाताईंची मुलं मोठी होतील आणि वाचतील, की आपल्या आईमुळे आजोबा गेले. सह्या आपल्या असतील.

सरांनी मला शिकवलेलं सगळं मी अजून वापरलेलं नाही. हे एक वापरलं.

सर, तुमची विद्यार्थिनी हजर आहे. माझा नमस्कार घ्या.

आता सगळ्यांनी उभं राहावं, दोन मिनिटं शांत राहावं. शांततेनंतर ठराव मीच वाचणार आहे. त्यात ते वाक्य नाही. आज सकाळी मी ठराव पुन्हा लिहिला. त्या जागी लिहिलं, 'सरांच्या जाण्याचे कारण आम्हांस ज्ञात नाही. ते गेल्याने आम्ही एकटे झालो, एवढे ज्ञात आहे.' प्राचार्य सरांनी वाचून सही केली. भाऊसाहेब, तुम्हाला विचारायला मी थांबले नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा. घरच्यांची प्रत सभा सुरू होण्याआधीच मी वर्षाताईंच्या हातात दिली आहे.