वेदीवरचा कोंबडा

चहा पाजता तो हा किस्सा काढून घ्यायलाच, मला काय कळत नाही? ऐका, पण मध्ये बोलू नका.

खाडीपलीकडच्या चर्चात फेस्ताआधी, म्हणजे त्यांच्या सणाआधी, वेदीच्या लाकडी चौकटीची डागडुजी माझ्याकडं आली. चौकटीवर शिडी, खिळे, हातोडा कोरलेले. म्हटलं, हे तर आपलंच सामान. वर मात्र एक कोंबडा, पाय मोडलेला. चर्चची चावी सांभाळणारा बाप्या म्हणाला, "काढून टाक तो, सुतार. कोन बघतंय?"

काढला. पण कोरीव लाकूड फेकायला माझा हात होत नाही. घरी नेऊन त्याला नवा पाय बसवला.

सकाळी फादरनी विचारलं, "कोंबडा कुठं गेला?"

चावीवाला म्हणाला, "मी न्हाय काढायला सांगितला."

"मग या आबा सुतारांनी आपणहून काढला?"

"मला ठाव न्हाय."

जमलेल्या बाया माझ्याकडं चोरासारखं बघायला लागल्या. चाळीस वर्षं सुतारकी केली ती यासाठी?

फादरनी त्याला परत विचारलं, "खरंच तू सांगितलं नव्हतंस?"

"न्हाय, फादर!"

मी पिशवीतनं कोंबडा काढला आणि वेदीवर ठेवला.

फादर हसत सुटले. "आबा, येशूला पकडलं तेव्हा त्याचा चेला पेत्र तीनदा म्हणाला, मी याला ओळखत नाही. लगेच कोंबडा आरवला. म्हणून हा इथं असतो. आज अगदी वेळेवर आला!"

माझा जीव भांड्यात पडला. बायाही हसल्या.

पेत्र नंतर ढसाढसा रडला म्हणे. आमच्या चावीवाल्यानं अजून साधी माफी मागितलेली नाही. विचारा जाऊन. पास्कू नाव त्याचं.